काटा फार लवकर चढला

१

सानानच्या ट्रकचं नवं बांधलेलं इंजिन जाम झालं तेव्हा मी पाहुण्यांना भात वाढत होते. आधी आतून बारीक टकटक आली, मग तिची ठकठक झाली. माझा धाकटा भाऊ दाम्रोंग "बंद कर! अरे बंद कर!" करत धावला, पण तो पोचायच्या आत इंजिन एकदा कण्हलं आणि जागच्या जागी अडकलं. दहा चाकांची गाडी, नाकावर झेंडूच्या माळा, आरशाला लाल-पिवळी रेशमी फडकी, आणि खालून जळक्या तेलाचा वास. घास हातात धरून माणसं तशीच उभी राहिली.

मी लामाय. नाखोन सावानच्या हमरस्त्याला हिया सेंगचं गॅरेज आहे, त्याला चिकटून माझी भात-कालवणाची टपरी. माझा नवरा ट्रक चालवायचा. तो गेला, पण इंजिनाचे आवाज काही माझ्या कानातून गेले नाहीत. दाम्रोंग या गॅरेजचा मोठा मिस्त्री. इंजिन बांधावं तर त्यानं, असं या रस्त्यावरचे ड्रायव्हर म्हणतात. म्हणायचे, असं त्या सकाळी वाटलं.

दाम्रोंगची एक रीत आहे. नवं बांधलेलं इंजिन आतून कोरडं असतं. खाली चेंबरमध्ये तेल ओतलं म्हणजे ते बेअरिंगपर्यंत आपोआप चढत नाही, पंपानं ओढून न्यावं लागतं. म्हणून तो आधी डिझेल बंद ठेवतो आणि नुसता सेल्फ मारायला लावतो. इंजिन घुर्र घुर्र फिरतं, पण लागत नाही. तेलाच्या वाटेवरचा एक बोल्ट काढून तिथं त्यानं स्वतःचं प्रेशर मीटर लावलेलं असतं. ते मीटर तो जुन्या बनियनमध्ये गुंडाळून घरून आणतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही. काटा वर चढला की मगच डिझेल सोडायचं. काटा नाही तर डिझेल नाही, मग दारात राजा उभा असला तरी.

आता सानान म्हणजे हंगामात ऊस वाहणारा ट्रकवाला, त्याला ही रीत पसंत नव्हती. विहारातल्या भंतेंनी त्याला मुहूर्त काढून दिला होता, आणि मुहूर्तावर गाडी पहिल्या सेल्फला लागली पाहिजे असा त्याचा हट्ट. "चार माणसांत गाडी घुर्र घुर्र करत बसली तर हंगामभर रडेल," असं म्हणायचा. शेवटी असं ठरलं, की काटा चढवायचं काम पाहुणे यायच्या आत उरकायचं आणि मुहूर्तावर फक्त किल्ली फिरवायची.

त्याप्रमाणे सगळं झालं. सकाळी सानान आणि त्याची बायको राम्पाय पिकअपमधून ट्रकच्या दोन्ही बॅटऱ्या घेऊन आले. गाडीची देवी म्ये यानांग, तिच्यापुढे ठेवायला सानान माझ्याकडे लाल सरबताची बाटली घ्यायला आला.

"काल संध्याकाळी नेलीस की रे एक? तुझ्या देवीला तहान फार!" मी म्हटलं.

"ती पोरांनी संपवली, ताई," तो म्हणाला आणि घाईघाईनं गेला.

नैवेद्य मांडायला मीच बंपर पुसला. मुंग्यांची रांग लागली होती. तेच फडकं दाम्रोंगनं माझ्याकडून मागून घेतलं. मीटर लावायला त्यानं बोल्ट काढला होता, स्वतःची बोटं नि ते भोक त्यानं पुसून घेतलं. मग डिझेल बंद करून सानाननं सेल्फ मारला, आणि काटा टाणकन वर. धाकटा मिस्त्री सुतिन तर टाळ्याच वाजवायला लागला. "दादा, हात आहेत का जादू! देवी प्रसन्न आहे बघा!" दाम्रोंगसुद्धा हसला. मुहूर्तावर गाडी पहिल्या सेल्फला लागली, पाहुणे जेवायला बसले, आणि मग हे असं.

राम्पायनं तोंड सोडलं. "आमचा अख्खा हंगाम गेला! कारखाना सुरू होईल आणि आम्ही घरी बसून काय माश्या मारायच्या? तू मिस्त्री आहेस की न्हावी?" सानान मात्र चाकाला टेकून खाली बसला आणि जमिनीकडे बघत राहिला.

हिया सेंग गॅरेजचा मालक. तो ओरडत नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. तो दाम्रोंगजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "संध्याकाळी तुझे पाने गोळा कर नि निघ. असलं नाव गॅरेजला लागलं तर उद्या माझ्या दारात ट्रक थांबणार नाही."

आणि माझा भाऊ! भांडेल, चिडेल म्हणून मी वाट बघत होते. तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "ताई, मी काहीतरी विसरलो असणार. काय विसरलो तेच आठवत नाही. संध्याकाळच्या बसनं मी रायोंगला जातो, तिथं कोणी ओळखत नाही मला." मी त्याच्या हातांकडे बघितलं. त्या हातांनी कधी नट तिरका बसवला नाही. मला रागच आला. मी पदर खोचावा तसा एप्रन खोचला आणि टपरीच्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेले.

तिथं लुंग प्राचुआब बसले होते.

२

लुंग म्हणजे काका. प्राचुआब हे अख्ख्या रस्त्याचे काका. पोलिसात फौजदार होते, आता निवृत्त झालेत. रोज आपल्या पाळीव कवडा पक्ष्याचा पिंजरा घेऊन येतात, तो माझ्या छपराला टांगतात आणि बर्फ घातलेली काळी कॉफी घोट घोट पीत बसतात. गाड्यांतलं त्यांना ओ का ठो कळत नाही. सायकलची चेन पडली तरी ढकलत आणतात.

"लुंग, बसून काय राहिलात? माझ्या भावावर आळ आलाय!"

"बसल्याशिवाय विचार होत नाही," ते म्हणाले. "कोणाला जाऊ देऊ नकोस. जेवण अजून आहे ना? वाढत राहा. भरल्या पोटी माणूस पळत नाही. आणि हिया सेंगला म्हणावं, इंजिन खालून उघड. पण दाम्रोंगनं हात लावायचा नाही, नाहीतर उद्या म्हणतील त्यानंच पुरावा पुसला."

सुतिननं चेंबर उतरवलं. तेलात धातूची चमचम होती, आणि बेअरिंग काळी पडून क्रँकला चिकटलेली. लुंग पिंजऱ्यातल्या कवड्याकडे बघावं तसं बघत होते.

"म्हणजे काय झालं, लामाय? मला माठाला कळेल असं सांग."

"म्हणजे बेअरिंगना तेल मिळालं नाही. कोरडी घासली."

"का मिळालं नाही?"

सुतिन पुढे सरसावला. "मी सांगतो, लुंग. पंप! दादा चांगला पंप मागत होते. हियांनी स्वस्तातला आणला. मी तेव्हाच म्हटलं होतं."

हिया सेंगचा चेहरा लाल झाला. "तू कधी म्हटलंस रे? पंप मी आणला हे खरं. पण तो खोलून, तपासून बसवला दाम्रोंगनं. वाईट असता तर त्यानं माझ्या तोंडावर फेकला असता. मागं एक फेकलाही आहे."

"फेकला होता," मी म्हटलं. "माझ्या सूपच्या भांड्यात पडला होता."

"आत एखादी चिंधी राहिलीय का? नट सैल? काही मुद्दाम केलेलं?" लुंगनी विचारलं.

सुतिननं मान हलवली. सगळं जिथल्या तिथं, घट्ट. मलाच ते ऐकून वाईट वाटलं, कारण कोणी दावा साधलेला नसेल तर मग चूक दाम्रोंगचीच. पलीकडे तो पेटीत पाने भरत होता. एकेक पाना पुसायचा आणि ठेवायचा.

लुंगनी सुतिनला जवळ बसवलं, त्याच्यापुढे माझ्या हातचं तिखट कालवण ठेवायला लावलं. "दाम्रोंग गेला की मोठा मिस्त्री कोण?"

सुतिननं हातातला घास खाली ठेवला. "लुंग, असं काय बोलता?"

"विचारतोय. काल संध्याकाळी तू कुठं होतास?"

"इथंच. गॅरेजात. अंधार पडेपर्यंत हत्यारं धूत होतो."

"एकटाच?"

"एकटाच. दादा लवकर गेले होते, तेल ओतून."

लुंग उठले आणि रमतगमत गॅरेजच्या मागच्या भिंतीपर्यंत गेले. तिथं गॅरेजच्या दोन बॅटऱ्या हातगाडीवर असतात, बंद पडलेल्या ट्रकना सेल्फ द्यायला. लुंगनी बॅटरीवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट पांढरं झालं होतं. आमच्या गॅरेजात सगळं काळं असतं, लामायचा भातसुद्धा कधीकधी काळा येतो असं ड्रायव्हर चिडवतात. पांढरी धूळ फक्त डोंगराकडच्या चुनखडीच्या खाणीत मिळते.

मग ते सुतिनच्या बुटांकडे बघायला लागले. बुटांच्या शिवणीतही तीच पांढरी धूळ होती.

"पोरा," ते म्हणाले, "काल संध्याकाळी तू इथं नव्हतास."

३

मी तर सुतिनच्या अंगावर धावूनच गेले. "मेल्या, माझ्याच हातचं खातोस आणि माझ्याच भावाचा गळा कापतोस?"

"ताई, शप्पथ! इंजिनाला मी हात नाही लावला!" त्यानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "खाणीत गेलो होतो. त्यांचा लोडर बंद पडलेला, मी बाहेरून काम घेतलं. हियांची पिकअप नेली, बॅटऱ्याही नेल्या. कळलं असतं तर मला हाकललं असतं, म्हणून खोटं बोललो. खाणीतल्या कोणालाही विचारा. रात्र पडल्यावर परत आलो."

हिया सेंगनं डोळे मिटले. "माझी पिकअप, माझ्या बॅटऱ्या, आणि कमाई तुझी. वा रे पठ्ठ्या!"

मला वाटलं, सापडला चोर. खोटारडा तो खोटारडा, त्याला मोठ्या मिस्त्रीची जागा हवीच होती. पण लुंगचा चेहरा अगदी खुलला होता.

"सुतिन, तू चोरी केलीस ते वाईट," ते म्हणाले. "पण झालं ते फार बरं झालं. म्हणजे काल संध्याकाळी गॅरेजात एकही बॅटरी नव्हती. हे नीट लक्षात ठेवा सगळ्यांनी." मला त्यातलं काही कळलं नाही. बॅटरी नव्हती तर नव्हती, तिचा बेअरिंगशी काय संबंध?

मग ते दाम्रोंगपाशी गेले. तो पेटी बांधून बसला होता. वर मीटर ठेवलेलं, बनियनमध्ये गुंडाळून.

"मिस्त्री, तुमचा हा काटा. तो किती वेळात चढतो?"

"चढला होता, लुंग. सगळ्यांनी बघितलं. त्याचंच तर कोडं आहे. काटा चढला म्हणजे तेल पोचलं. मग बेअरिंग जळाली कशी?"

"आज लगेच चढला. मी टपरीतून बघत होतो, माझा कॉफीचा घोट गिळून व्हायच्या आत चढला. नेहमी असाच चढतो?"

दाम्रोंगनं बनियन उलगडलं, मीटर हातात घेतलं आणि त्याच्याकडे बघत बसला.

"नाही," तो म्हणाला. "पंप कोरडा, वाटा कोरड्या, फिल्टर रिकामा. सगळं भरावं लागतं आधी. सेल्फ मारायचा, थांबायचं, बॅटरीला दम खाऊ द्यायचा, पुन्हा मारायचा. ताई तोवर मिरच्या कुटून मोकळी होते."

"होते की," मी म्हटलं. "कधीकधी चटणी वाटूनसुद्धा."

"आणि बोल्ट काढला तेव्हा काय पुसलंत तुम्ही?"

"तेल," दाम्रोंग म्हणाला. "ठिबकलं थोडं. बोटांवर आलं, ताईचं फडकं घेतलं नि..." तो एकदम उभा राहिला. मांडीवरची पेटी खाली पडली आणि पाने सगळीकडे सांडले. "कोरड्या इंजिनातून तेल ठिबकेल कसं? त्या भोकातून आज काही यायलाच नको होतं!"

त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मला तेवढं पुरेसं होतं, पण लुंगना नव्हतं.

"म्हणजे पंप ठीक," ते म्हणाले. "मिस्त्रींचं कामही ठीक. पण आज सकाळी तुम्ही सेल्फ मारलात, त्याच्या आधीच ते इंजिन कोणीतरी चालवलं होतं. मीटर न लावता, आणि डिझेल सोडून. बेअरिंग कोरडी घासली ती तेव्हाच."

४

पाहुणे आता घरी जायचं नावच घेत नव्हते. फुकट जेवण आणि वर तमाशा, कोण जाईल? राम्पाय कमरेवर हात ठेवून उभी होती. "कोणी चालवलं? नाव सांगा लुंग, मी त्याची जीभ हासडते!"

"सांगतो. पण आधी लामायला दोन गोष्टी विचारायच्यात. लामाय, सकाळी बंपर का पुसलास?"

"मुंग्या होत्या म्हणून."

"मुंग्या कशाला आल्या होत्या?"

मला एकदम आठवलं. लाल, चिकट, बाटलीच्या बुडाएवढं गोल वर्तुळ होतं तिथं. नैवेद्य तर मी अजून मांडलाही नव्हता! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. पुरावा मीच पुसला, आणि त्याच फडक्यानं माझ्या भावानं दुसरा पुरावा पुसला. आम्ही बहीणभाऊ, पुसण्यात एकदम पटाईत.

"कोणीतरी आदल्या दिवशीच तिथं सरबत ठेवलं होतं," लुंग म्हणाले. "आता विचार करा. ज्याला गाडीचं वाटोळं करायचंय, तो देवीला सरबत पाजून तिची परवानगी घेईल का? हे काम वैऱ्याचं नाही. या गाडीवर ज्याचा जीव आहे, त्याचं आहे. दुसरी गोष्ट, काल संध्याकाळी सरबत कोणी नेलं?"

मी सानानकडे बघितलं नाही. बघवलंच नाही मला.

"इंजिन फिरवायला बॅटरी लागते एवढं मलाही कळतं," लुंग पुढे म्हणाले. "गॅरेजच्या बॅटऱ्या खाणीत होत्या. मग उरल्या कुठल्या? राम्पाय, तुमच्या ट्रकच्या बॅटऱ्या काल संध्याकाळी कुठं होत्या?"

"कुठं म्हणजे? चार्जिंगला," राम्पाय फटकन म्हणाली. "हाच घेऊन गेला होता पिकअपमध्ये घालून, बॅटरीवाल्याकडे. उशिरा आला परत."

"काल उपोसथ होता, विहारात जायचा दिवस. बॅटरीवाला दुकान बंद ठेवून विहारात बसला होता. माझ्या शेजारीच. प्रवचनात घोरत होता, मीच त्याला कोपर मारलं."

राम्पायचे हात कमरेवरून खाली आले. ती हळूहळू नवऱ्याकडे वळली.

सानान चाकापाशी बसला होता तसाच बसून होता. सकाळपासून हा माणूस एकदाही ओरडला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. इंजिन त्याचं, हंगाम त्याचा, आणि ओरडत होतं सगळं गाव.

"एकदाच," तो म्हणाला. "लागते का, एवढंच बघायचं होतं. बाबांची गाडी मुहूर्तावर लागली नव्हती. लोक हसले होते. त्याच हंगामात ती कालव्यात उलटली आणि बाबा गेले. मला रात्र रात्र झोप नव्हती, ताई. देवीला विचारलं. सरबत ठेवलं, उदबत्ती लावली, हात जोडले. मग किल्ली फिरवली. आणि लागली! इतका गोड आवाज होता. मला राहवलं नाही, मी रेस दिली. खूप दिली. हमरस्त्यावरून ट्रक जातच होते, कोणाला काय कळणार? मग आतून बारीक काहीतरी वाजलं, तशी मी घाबरून बंद केली. सकाळी काटा टाणकन चढला, तेव्हा वाटलं, देवीनं सांभाळून घेतलं."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! माझं डोकंच फिरलं. "आणि माझा भाऊ पेटी बांधत होता, तेव्हा तुझी जीभ काय देवीनं गिळली होती?"

"बोलणारच होतो. पण राम्पाय सगळ्यांसमोर मिस्त्रीला बोलायला लागली, आणि मग मला तोंड उघडायची लाज वाटली. जितका वेळ जाईल तितकी जास्त." त्यानं तोंड हातांनी झाकून घेतलं. "बस गेल्यावर तर मी मेलोच असतो."

राम्पायची जीभ रस्त्यावर प्रसिद्ध आहे. आता नवऱ्याचं काही खरं नाही असं सगळ्यांना वाटलं. पण ती त्याच्याजवळ गेलीच नाही. ती दाम्रोंगपुढे जाऊन गुडघ्यांवर बसली आणि हात जोडून तिनं कपाळ टेकवलं. "मी तुम्हाला न्हावी म्हटलं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"न्हाव्याचं कामही नाजूकच असतं," दाम्रोंग म्हणाला. माझा भाऊ असाच आहे, मी असते तर दोन दिवस ऐकवलं असतं. "उठा ताई."

हिया सेंग खाकरला. सांडलेले पाने त्यानं स्वतः वाकून गोळा केले, एकेक करून पेटीत ठेवले आणि पेटी दाम्रोंगच्या हातात दिली. माफी मागणं त्याला जमत नाही. "सामान सानानचं, मजुरी गॅरेजची," तो म्हणाला. "सुतिन महिनाभर बाहेरचं काम न करता दाम्रोंगच्या हाताखाली. बांधायचं की नाही ते मिस्त्रीनं ठरवावं."

सगळे दाम्रोंगकडे बघत होते. बस यायची वेळ झाली होती. तो सानानपाशी जाऊन उभा राहिला.

"तू मला सांगितलं असतंस की भीती वाटते, तर तुझ्यासमोर आदल्या दिवशीच काटा चढवून दाखवला असता. मग हवी तितकी चालवली असतीस."

सानाननं खिसा चाचपला.

"किल्ली दे," दाम्रोंग म्हणाला. "दोन्ही दे. कारखाना सुरू व्हायच्या आत होईल."

मागून बसनं हॉर्न दिला, थोडी थांबली आणि निघून गेली.

५

क्रँक पुन्हा घासून आला, बेअरिंग नवी आली, आणि दाम्रोंग इंजिन परत बांधत होता तेव्हा गॅरेजच्या दारात माझी खुर्ची होती. भाजीसुद्धा मी तिथंच बसून चिरली. लुंग म्हणाले, "फौजदार मी होतो की तू?"

ज्या सकाळी इंजिन चालू करायचं ठरलं, त्या दिवशी पाहुणे नव्हते. माळा होत्या, सरबत होतं, ते राम्पायनं आणलं. शेतांत ऊसतोड सुरू झाली होती, पानं जाळल्याची काजळी माझ्या भांड्यांवर पडत होती. कारखाना उद्या उघडणार होता, त्याच्या दारात रांग लावायला दुसऱ्यांचे ट्रक मोळ्या लादून समोरून चालले होते.

"मुहूर्त?" सानाननं घाबरत विचारलं.

"आज मुहूर्त काट्याचा," दाम्रोंग म्हणाला. "सुतिन, तू सेल्फ मार. डिझेल बंद आहे ना? पुन्हा बघ."

त्यानं बोल्ट काढला. सवयीनं मी फडकं पुढे केलं. त्यानं भोकात करंगळी घातली, बाहेर काढली आणि मला दाखवली. कोरडी ठणठणीत होती. मी फडकं परत खांद्यावर टाकलं.

मीटर लावल्यावर ते त्यानं सानानच्या हातात दिलं. आजवर मलासुद्धा कधी दिलं नव्हतं. "धर. नजर हलवायची नाही."

सुतिननं सेल्फ मारला. घुर्र, घुर्र, घुर्र. काटा शून्यावर होता. थांबले. पुन्हा मारला. काटा हलला नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ड्रायव्हरनं ओरडून विचारलं, "काय रे, लागत नाही का गाडी?" सानानचे कान लाल झाले, पण त्यानं मान वळवली नाही. ओठ हलत होते त्याचे, देवीला काहीतरी सांगत होता. मी मिरच्या कुटायला घेतल्या होत्या, त्या कधीच कुटून झाल्या, आणि माझे हात तसेच खलबत्त्यावर राहिले. लुंगनी कॉफीचा घोट तोंडात घेतला होता, तो गिळलाच नाही.

"मिस्त्री," सानान रडकुंडीला येऊन म्हणाला, "चढत नाही हो."

"चढेल. वाट बघ."

पुन्हा सेल्फ. काटा थरथरला. थांबला, जरा हलला, आणि मग म्हाताऱ्या माणसानं जिना चढावा तसा एकेक पायरी करत वर गेला. सानानच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यानं मीटरवरचा हात काढला नाही.

दाम्रोंगनं त्याच्या खांद्यावरून वाकून काटा बघितला, पुरेसा वेळ बघितला. मग मला म्हणाला, "ताई, भात टाक," आणि सुतिनकडे वळून म्हणाला, "सोड डिझेल."